जपानच्या ताटात काय बदलले, काय राहिले

बौद्ध माणसाने मटण-मासळी खावी की नाही, हा प्रश्न आपल्या वस्तीत वर्षातून दोन वेळा तरी हमखास निघतो. एकदा वैशाख पौर्णिमेला आणि एकदा वर्षावासात. विहारात एक जण म्हणतो, सकाळी पंचशील घेता आणि दुपारी खाटकाच्या दुकानापुढे उभे राहता, हे कसे? दुसरा म्हणतो, भगवंतांनी भिक्खूंना त्रिकोटी परिशुद्ध मांसाची मोकळीक दिली होती. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तसा संशयही नाही, तर भिक्षापात्रात पडेल ते घ्यावे. देवदत्ताने सर्व भिक्खूंना मासळी-मांस बंद करा असा आग्रह धरला, तो भगवंतांनी मानला नाही, हेही तो सांगतो. वाद रंगतो. आणि घरातली माउली विचारते, ते सगळे राहू द्या, संध्याकाळी भाकरीबरोबर काय करू ते सांगा.

पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो आपण मोठ्याने बोलत नाही. शाळेत सुकटीचा डबा उघडताना आपले पोर इकडेतिकडे का बघते? भाड्याची खोली पाहायला गेल्यावर घरमालक "नॉनव्हेज खाता का?" असे विचारतो तेव्हा त्याला नेमके काय जाणून घ्यायचे असते? आजीने सांगितलेली चान्यांची गोष्ट सून आपल्या मुलांना का सांगत नाही?

हे प्रश्न मनात घेऊन आम्ही जपानला गेलो, असे म्हटले तर ते खोटे होईल. आम्ही गेलो होतो बौद्ध देश पाहायला. आम्ही पाच कुटुंबे. कुणी बेस्टमधून निवृत्त झालेले, कुणी नगरपालिकेत नोकरीला, कुणी अंगणवाडीत. भिशी लावून चार वर्षे पैसे साठवले. आमच्यातल्याच एकाची मुलगी तिकडे नोकरीला आहे, तिने रजा काढून दुभाष्याचे काम केले. मात्र तिथल्या ताटाने आणि त्या ताटामागच्या माणसांनी आम्हाला जे शिकवले, ते बुद्धमूर्तींइतकेच मोलाचे वाटले. म्हणून समाजबांधवांसाठी आणि विशेषतः भगिनींसाठी हे लिहीत आहोत.

बाराशे वर्षांची बंदी

जपानमध्ये बुद्धधम्म सहाव्या शतकात कोरियाच्या बाजूने गेला. इ. स. ६७५ मध्ये तेम्मु नावाच्या सम्राटाने हुकूम काढला, की बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाऊ नये. हा हुकूम वर्षभराचा नव्हता. चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतचा, म्हणजे भातशेतीच्या हंगामातला होता. त्यात धम्माची करुणा होती, तसा शेतीचा हिशेबही होता. नांगराचे जनावर कापून खाल्ले तर शेत कोण नांगरणार? हरीण आणि रानडुक्कर यांचे नाव त्या यादीत नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे असे हुकूम पुन्हापुन्हा निघाले आणि चार पायांच्या प्राण्याचे मांस खाणे म्हणजे विटाळ, अशी समजूत देशभर रुजली. मासळी मात्र चालली. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मासळी बंद करणे कुणाला परवडणार? भात, मासळी, सोयाबीनचे पदार्थ आणि समुद्रातले शेवाळ हे त्या देशाचे जेवण झाले.

आता लोकांनी मांस खरोखर सोडले होते का? आमच्या दुभाषी मुलीने गमतीच्या गोष्टी सांगितल्या. रानडुकराच्या मांसाला तिकडे "डोंगरातला देवमासा" म्हणत. देवमासा ही मासळीच, तेव्हा पाप नाही! हरणाच्या मांसाला मेपलच्या पानाचे नाव, घोड्याच्या मांसाला चेरीच्या फुलाचे नाव. आजारी माणसाने खाल्ले तर ते औषध. हिरोशिगे नावाच्या मोठ्या चित्रकाराने १८५८ साली एदो शहराचे, म्हणजे आजच्या टोकियोचे, बर्फातले एक चित्र काढले. त्यात दुकानावर "डोंगरातला देवमासा" अशी ठळक पाटी आहे. पाटी लावून विकत होते, पण नाव बदलून! आमच्यातल्या एक आत्याबाई हसून म्हणाल्या, "आपल्याकडं श्रावणात अंड्याला बटाटा म्हणतात, त्यातलाच प्रकार की."

हसण्यासारखेच आहे. पण या हसण्याच्या पलीकडे जे आहे, त्याने आमचे हसू थांबले.

मेलेले जनावर कुणी ओढायचे?

मांस विटाळाचे ठरले, तरी जनावरे मरायची थांबली नाहीत. बैल मरत, घोडे मरत. सामुराईंना चिलखताला कातडे लागे, देवळांना ढोलाला कातडे लागे, पायताणाला कातडे लागे. मग मेलेले जनावर उचलायचे, सोलायचे आणि कातडे कमवायचे काम कुणी करायचे? त्यासाठी एक वेगळा समाज बाजूला काढला गेला. त्यांना जे नाव दिले होते त्याचा अर्थ "अतिशय घाणेरडे" असा होतो. त्यांची वस्ती नदीकाठी, गावाच्या कडेला. त्यांनी शेतकऱ्याच्या उंबऱ्याच्या आत यायचे नाही. लग्न आपसातच. ठरावीक हद्दीतले मेलेले जनावर उचलणे हा त्यांचा हक्क होता आणि तीच त्यांची सक्तीही होती. आज त्यांना बुराकु समाज म्हणतात. "बुराकु" म्हणजे वस्ती, वाडी.

ऐकता ऐकता आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. ही गोष्ट आम्हाला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या आजोबांच्या तोंडून ती ऐकलेली होती. गावकीचे मेलेले ढोर ओढणारे, त्याबद्दल त्याचेच मांस पदरात घेणारे आणि त्या मांसापायी पुन्हा नीच ठरणारे आमचेच पूर्वज होते. ताजे मांस एका दिवसात संपत नसे, म्हणून त्याच्या पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर वाळवून चान्या करायच्या आणि पावसाळ्यात त्यावर दिवस काढायचे. तिकडे वंश वेगळा, भाषा वेगळी, धर्म तर बुद्धाचा. तरीही तोच विटाळ.

येथे एक कटू गोष्ट लपवता येणार नाही. हा विटाळ पाळण्यात तिथल्या बौद्ध मठ-मंदिरांचाही हात होता. मेलेल्या माणसाला तिकडे धार्मिक नाव देऊन ते दगडावर कोरतात. बुराकु समाजातल्या माणसांच्या थडग्यांवर "पशू", "नोकर" अशा अर्थाची अक्षरे त्या नावांत घुसवलेली सापडली. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका प्रमुख भिक्षूने जपानमध्ये असा भेदभाव उरलेला नाही, असे सांगितले. त्यावर बुराकु संघटनेने जाब विचारला, तेव्हा त्यांना चूक मान्य करावी लागली आणि पंथाला आपल्या मंदिरांतील असल्या नावांचा शोध घ्यावा लागला. ज्या भगवंतांनी सुनीत भंग्याला आणि उपाली न्हाव्याला संघात घेतले, त्यांच्या नावाने हे घडले. धम्माचे नाव घेतले म्हणजे धम्म आचरणात आला असे नव्हे, हा धडा आपणही गाठीला बांधावा.

सम्राटाने गोमांस खाल्ले

ताट बदलले ते एकोणिसाव्या शतकात, आणि फार झपाट्याने. मेइजी राजवटीत जपानला युरोप-अमेरिकेची बरोबरी करायची होती. गोरे लोक धिप्पाड कशाने, तर मांस-दुधाने, असे विद्वान लिहू लागले. १८७२ च्या जानेवारीत खुद्द सम्राटाने गोमांस खाल्ले आणि ते जाहीर करण्यात आले. बाराशे वर्षांची समजूत एका जेवणात मोडली. त्यावर संतापून काही तपस्वी राजवाड्यात घुसले, झटापट झाली आणि त्यातले काही मारले गेले. त्याच वर्षी सरकारने आणखी एक हुकूम काढला, की भिक्षूंनी मांस खावे, लग्न करावे, केस वाढवावेत, त्याला आता बंदी नाही. टोकियोत मिसो घालून शिजवलेल्या गोमांसाच्या खानावळी निघाल्या. जे खाणे काल विटाळ होते, ते आज सुधारणेचे लक्षण झाले.

आता आपण विचाराल, मग जे पिढ्यानपिढ्या मांस-कातड्याचे काम करीत होते, त्यांचे भाग्य उजळले असेल?

१८७१ साली सरकारने आधी एक हुकूम काढला, की मेलेल्या जनावराची विल्हेवाट मालकाने वाटेल तशी लावावी. म्हणजे बुराकु लोकांचा धंद्यावरचा हक्क गेला. पाठोपाठ त्याच वर्षी दुसरा हुकूम निघाला, की ती जुनी घाणेरडी नावे रद्द, हे लोक आता सामान्य प्रजाजन. नाव गेले, धंदाही गेला, हाती जमीन नाही, भांडवल नाही. काही भागांत या हुकुमाविरुद्धच दंगे झाले. १८७३ साली मिमासाका प्रांतात शेतकऱ्यांच्या जमावाने मुक्त झालेल्या वस्त्यांना आगी लावल्या आणि माणसे मारली. १८७२ च्या कुटुंबनोंदीत अनेक ठिकाणी यांच्या नावापुढे "नवा प्रजाजन" असा शिक्का मारला गेला. लग्न जुळवताना, नोकरी देताना लोक ती नोंद उघडून पाहत. ती नोंदवही १९६८ साली बंद करण्यात आली.

सम्राटाने मांस खाल्ले तर ती सुधारणा. मांस कापणारा मात्र जिथल्या तिथे. हे वाक्य आम्ही आमच्या वहीत तिथेच लिहून घेतले.

मासळी मागे पडली

टोकियोत आम्ही तोयोसुचा मासळी बाजार पाहिला. पूर्वी हा बाजार त्सुकिजी येथे १९३५ पासून होता, २०१८ साली तो तोयोसुला हलवला. माणसाच्या उंचीचे मासे ओळीने मांडलेले, पण भाऊच्या धक्क्यावरचा कलकलाट नाही आणि वास तर जवळजवळ नाहीच. आमच्यातल्या बायकांना तेच चुकल्यासारखे वाटले! एवढा मोठा बाजार पाहून आम्हाला वाटले, की हा देश मासळीवरच जगतो. पण मुलीने सांगितले, की चित्र पालटले आहे.

सरकारी आकडे असे आहेत. १९६० साली जपानी माणूस वर्षाला सुमारे ५ किलो मांस खात होता आणि सुमारे २८ किलो मासळी. मासळी वाढत वाढत २००१ च्या सुमारास ४० किलोपर्यंत गेली. मग उतरू लागली. २०११ साली प्रथमच मांसाने मासळीला मागे टाकले. हल्लीच्या वर्षांत मासळी २२-२३ किलोवर आली आहे आणि मांस ३३-३४ किलोवर गेले आहे. ज्या देशाने बाराशे वर्षे मांसाला विटाळ मानले, तिथे एका आयुष्यात हा फरक पडला.

याची कारणे आपल्या घरातल्यासारखीच आहेत. महायुद्धानंतर उपासमार होती, तेव्हा शाळेतल्या मुलांना गव्हाचा पाव, दुधाची भुकटी आणि देवमाशाचे मांस देत. १९५४ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. मुलांच्या जिभेला जी चव लागली, ती जन्माची. पुढे हातात पैसा आला, कोंबडी आणि डुकराचे मांस स्वस्त झाले, १९७१ साली गिंझा या बड्या भागात पहिले मॅकडोनाल्ड्स उघडले. बायका कामाला जाऊ लागल्या. मासळी साफ करायला वेळ लागतो, काटे काढावे लागतात, लहान खोलीत भाजली तर दोन दिवस वास राहतो, आणि भावही वाढले. बोनलेस कोंबडी आणली की दहा मिनिटांत जेवण तयार.

आपल्याकडे वेगळे काय घडले? आम्ही लहान असताना घाटावरच्या घरात वशाट म्हणजे बाजारच्या दिवशीची सुकट किंवा बोंबील. गिरणीतला माणूस गावी येताना सुक्या बोंबलाची जुडी आणायचा, त्या वासाने सगळ्या आळीला कळे की मुंबईवाला आला. मटण म्हणजे पाहुणा, जत्रा किंवा लग्न. आता कोपऱ्याकोपऱ्यावर ब्रॉयलर कोंबडीचे दुकान आहे आणि पोरांना बोंबलाचा वास सोसत नाही. ताट बदलते, त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पैसा, वेळ, कायदा आणि शेजार यांच्याबरोबर ते बदलतच जाते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैलाचीही कत्तल बंद झाली, त्यानेही अनेक गरीब घरांचे ताट बदलले आणि कातड्याच्या धंद्यावरही आघात झाला.

शिनागावाच्या इमारतीतली पत्रे

मासळी बाजार पाहायला परदेशी पाहुण्यांची गर्दी असते. मांसाचा बाजार पाहायला मात्र फारसे कुणी जात नाही. तो शिनागावा स्टेशनच्या अगदी जवळ आहे. बुलेट ट्रेन थांबते ते हे स्टेशन, भोवती काचेचे उंच मनोरे, कचेरीला निघालेल्या माणसांचा लोंढा, आणि त्यांच्यामध्येच टोकियोचा मध्यवर्ती कत्तलखाना आणि मांसबाजार. १९३६ साली येथे कत्तलखाना उघडला, १९६६ साली सरकारी घाऊक बाजार झाला. जगभर नाव असलेले जपानी गोमांस येथे लिलावात जाते.

या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक लहानसे माहितीदालन आहे. जनावराचा कोणता भाग कशाला उपयोगी पडतो, कातड्याचे काय होते, हे सारे तिथे नीट मांडले आहे. आम्ही थबकलो ते एका बाजूला लावलेल्या पत्रांपाशी. येथे काम करणाऱ्या कामगारांना लोकांनी पाठवलेली ती निनावी पत्रे. मुलगी एक-दोन पत्रे वाचू लागली आणि मध्येच थांबली. आम्हीही पुढचे विचारले नाही. त्या शिव्यांचा मराठी तर्जुमा आम्हाला पाठ आहे.

बाहेर पडलो तर समोरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर गोमांसाची चित्रे होती आणि आत जेवणाऱ्यांची दाटी. मांस हवे, कापणारा नको! जपानमध्ये एखादा माणूस बुराकु आहे हे शब्दाने न सांगता चार बोटे दाखवून सुचवण्याची वाईट चाल होती. चार बोटे म्हणजे चार पाय, म्हणजे जनावर. देशाने चार पायांचे प्राणी पोटभर खाल्ले, पण ती चार बोटे खाली यायला तयार नव्हती. १९७५ साली तर असे उघडकीस आले, की बुराकु वस्त्यांच्या गावांची नावे असलेली यादी गुपचूप छापून कंपन्यांना विकली जात होती, कशासाठी, तर नोकरीला माणूस घेताना तो कुठला हे पाहता यावे म्हणून.

पाण्याची पातळी

मग हा कलंक कमी झाला तो कशाने? सम्राटाच्या जेवणाने नव्हे. त्यासाठी आम्हाला क्योतो आणि नारा गाठावे लागले.

३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या ओकाझाकी भागातल्या सभागृहात बुराकु समाजातील माणसे देशभरातून जमली आणि त्यांनी "सुइहेइशा" ही संघटना स्थापन केली. हा शब्द पाणी आणि सपाटी या दोन अक्षरांनी लिहितात. साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग जसा कुठेही उंच नाही, कुठेही खाली नाही, तसा समाज. त्या सभेत सोळा वर्षांच्या एका मुलाने शाळेत होणारा छळ सांगितला, स्त्रियाही बोलल्या. आम्हाला दया नको, आमची मुक्ती आम्ही मिळवू, हा त्या जाहीरनाम्याचा आशय. आणि जनावरे सोलणारे हात म्हणून लाज न वाटता आपण कोण आहोत ते अभिमानाने सांगावे, असे त्यात म्हटले होते.

तो जाहीरनामा लिहिणारे सैको मांकिची हे नारा भागातल्या गोसे गावाजवळच्या एका बौद्ध मंदिरातले. पुजाऱ्याचा मुलगा, पण मंदिर बुराकु वस्तीतले म्हणून विटाळ त्यांच्याही वाट्याला आला. त्या गावी १९९८ साली सुइहेइशा संग्रहालय उघडले, ते पाहायला आम्ही मुद्दाम गेलो. काळ्या कापडावर लाल काटेरी मुकुट असा त्यांचा झेंडा. लहानशा गावातली शांत वाट, शेजारीच ते मंदिर. आमच्यातल्या एका मास्तरांनी सहज हिशेब केला. ही सभा मार्च १९२२ ची, आणि महाडची परिषद मार्च १९२७ ची. पाच वर्षांचे अंतर. त्यांनी संघटनेच्या नावात पाणी आणले, बाबासाहेबांनी प्रत्यक्ष तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोघांची एकमेकांशी गाठ नव्हती. पण दुखणे एक असले, म्हणजे औषधही एकच निघते.

महाडच्या परिषदेतच बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या ढोराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागू नका, असे सांगितले. येथे नीट विचार करावा. बाबासाहेबांनी ते मांस विटाळाचे म्हणून सोडायला लावले नाही. ते गुलामीची मजुरी होते म्हणून सोडायला लावले. पुढे १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, या विषयावरील ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध मांडून दाखवला. एके काळी सगळेच खात होते. मग वरच्यांनी सोडले आणि ज्यांना सोडणे परवडले नाही, त्यांच्या कपाळी विटाळ मारला, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. जपानमध्ये वरच्यांनी सोडलेले पुन्हा खाल्ले, तरी खालच्यांचा विटाळ तसाच राहिला. तेव्हा विटाळ मांसात नव्हताच, हे तिथल्या इतिहासाने आपोआप सिद्ध झाले.

ओसाकातली चान्यांची चव

ओसाकाच्या एका लहान उपाहारगृहात आम्हाला जाड शेवयांचा वाडगा मिळाला. वर आतड्याचे कुरकुरीत तुकडे होते. आतडे त्याच्याच चरबीत मंद तळून चरबी काढून घ्यायची आणि उरलेला तुकडा टिकवून ठेवायचा, हा बुराकु वस्त्यांमधला जुना पदार्थ. इतरांनी टाकून दिलेल्या भागातून त्यांनी तो केला. आज ओसाकात कुणीही आवडीने खातो. तसाच त्यांचा एक वाळवलेल्या मांसाचा पदार्थ आहे, त्याला "साइबोशी" म्हणतात. तो चाखताच आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ह्या तर चान्या!" दुकानदार बाईला काही कळले नाही, पण आमचे ओले डोळे पाहून तिने आणखी एक बशी आणून ठेवली.

बुराकु समाजातले लेखक उएहारा योशिहिरो यांनी २००५ साली भेदभाव सोसलेल्या लोकांच्या जेवणावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी २०१५ साली "अन्न हे अपूर्णब्रह्म" लिहून मराठवाड्यातल्या महार-मांग स्वयंपाकाची नोंद केली. आपल्या आज्यांनी ज्या गोष्टी चुलीपाशी गाडून टाकल्या होत्या, त्या त्यांनी वर आणल्या.

कोयासानचे सात्त्विक ताट

शेवटी आम्ही कोयासानला गेलो. ओसाकाहून रेल्वे, मग उभ्या चढणीची दोरगाडी, मग बस. आचार्य कुकाई यांनी नवव्या शतकात वसवलेले हे डोंगरावरचे मठांचे गाव. येथील विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. परक्या देशात, देवदारांच्या थंडगार सावलीत ते ओळखीचे मुख पाहिले आणि आम्ही सारे रांगेने वंदन करून उभे राहिलो.

रात्री मठात जेवलो. मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाची मऊ वडी, गोठवून वाळवलेले सोयाबीनचे पनीर, भाज्या, भात. फार सुग्रास जेवण. प्राण्यावर दया म्हणून ज्यांनी ते शोधले, त्यांना आम्ही मनोमन प्रणाम केला. पण सकाळी गावाच्या वेशीवर एक लहान देवालय पाहिले, त्याचे नाव "स्त्रियांचे दालन". स्त्रियांना कोयासानच्या आत येण्यास शतकानुशतके मनाई होती, त्यांनी येथे वेशीवरूनच हात जोडायचे. सरकारने १८७२ साली अशी बंदी उठवली, तरी येथे ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. आमच्यातल्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "ताट एवढं शुद्ध, आणि बाई अशुद्ध?" यावर कुणाकडे उत्तर नव्हते.

सांगावयाचे ते इतकेच. कुणी करुणेपोटी मांस सोडले, तर त्याचा आदर करावा. ती मोठी गोष्ट आहे. कुणी डॉक्टरच्या सांगण्यावरून कमी केले, कुणी महागाईने केले, तेही ठीक. कुणी खात असेल तर त्याने अंगावर ताण न घेता खावे आणि मुलांना पोटभर घालावे, कारण आपल्या कष्टकरी घरांत मासळी-अंडी हा ताकदीचा आधार आहे. पण लोक काय म्हणतील म्हणून सोडू नये आणि लोकांना दाखवायला खाऊही नये. खाणारा नीच आणि न खाणारा उच्च, ही मोजपट्टी जपानमध्ये बाराशे वर्षे वापरून पाहिली गेली. तिने प्राण्यांचे भले किती केले ते सांगता येत नाही, माणसांचे मात्र नुकसान केले. तिथे २०१६ साली बुराकु भेदभाव नष्ट करण्यासाठी नवा कायदा करावा लागला, म्हणजे सम्राटाच्या त्या जेवणानंतर १४४ वर्षांनी!

भगिनींनो, घरात आजी असेल तर तिला चान्या कशा करत ते विचारा, सुकटीत काय घालत ते विचारा आणि मुलांच्या वहीत लिहून ठेवा. खायचे की नाही ते मुले मोठी झाल्यावर ठरवतील. पण आपली आजी काय खाऊन जगली आणि ते खाणे तिने कुणाच्या सांगण्यावरून सोडले, हे त्यांना ठाऊक असले, म्हणजे शाळेत डबा उघडताना ती इकडेतिकडे बघणार नाहीत.

जयभीम.